फायरब्रिकने जास्त ताव सोसायला हवाय? मग आधी सोडा-पोटॅश हाकला, केमिकलचं नंतर बघू

कोल्हापूरजवळ शिरोलीला आमचं छोटं शेड आहे, पितळ-गनमेटलचं ओतकाम. भट्टी खड्ड्यातली, क्रुसिबलची (म्हणजे धातू वितळवायच्या मुशीची), बर्नर ऑइलवर. धातू तसा ११००-१२०० डिग्रीला ओतायला तयार होतो, त्यामुळे विटेला तेवढंच सोसायचंय असं वाटतं, पण बर्नरची ज्योत जिथं सरळ भिंतीवर आपटते ना तिथं १४०० च्या पुढचा ताव असतो आणि पहिली वीट कायम तिथलीच जाते. आधी चकाकायला लागते, मग मेणासारखी ओघळते, आणि एक दिवस मागची साधी वीट डोळे वटारून बघायला लागते. असं चार-पाचदा झाल्यावर मी स्वतःच विटा करायच्या नादाला लागलो, त्यातून जे हाताला लागलं ते लिहितोय. मोठी फाउंड्री असेल तर सरळ तयार हाय-अल्युमिना विटा घ्या, हे त्यांच्यासाठी नाही. ज्यांना बर्नरभोवतीचे चार ब्लॉक किंवा पन्नासेक विटा हव्यात त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात माझ्याच शहाणपणापासून करतो. फायरक्ले (ताव सोसणारी माती) आणि फुटक्या विटांचा भुगा मळला आणि वीट घट्ट व्हावी म्हणून त्यात सोडियम सिलिकेट, म्हणजे सोडा आणि सिलिकाचा चिकट पाक, घातलं, चांगलं सढळ हाताने. सुकल्यावर वीट अशी कडक झाली की नखाने वाजवली तर टणटण आवाज. मी खूश, चार जणांना नेऊन दाखवली. भट्टीत तिसऱ्या दिवशी तिचं पोट सुटलं, आठवड्यात लोळागोळा झाली. थंड असताना मिळणारी ताकद आणि लाल झाल्यावर टिकणारी ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा कळलं, आणि पुढचं सगळं यावरच आहे.

बघा, फायरक्लेची वीट म्हणजे मुख्यतः सिलिका आणि अल्युमिना. शुद्ध सिलिका १७०० च्या वर वितळते, अल्युमिना २०५० च्या आसपास, आणि दोघांचं मिळून भट्टीत जे म्युलाइट तयार होतं ते १८०० च्या वर. मग वीट १३००-१४०० लाच का बसते? कारण वीट एकदम वितळत नाही, आत कुठेतरी थोडीशी काच तयार होते, ती काच पातळ होते आणि बाकीचे दाणे तिच्यावर घसरायला लागतात. नुसती सिलिका-अल्युमिना असेल तर पहिली काच साधारण १५९० ला सुटते. त्यात चुना आला की ११७० लाच सुटू शकते. पोटॅश आलं तर ९८५ च्या आसपास, आणि सोडा आला तर त्याहून खाली. जुन्या ड्रेनेजचे ते तपकिरी चकचकीत चिनीमातीचे पाइप आठवतात का, त्यांची ती चकाकी भट्टीत मीठ टाकून आणलेली, मिठातला सोडा मातीच्या सिलिकाशी मिळून काच बनवतो. पाइपाला ते हवंच असतं, आपल्याला नको असतं. आणि गुऱ्हाळवाले कोणी वाचत असतील तर चुलवाणाच्या आतल्या विटांवर जी काचेसारखी साय धरते ती चिपाडाच्या राखेतल्या पोटॅशची करणी.

म्हणून पहिलं काम घालायचं नाही, काढायचं आहे. फायरक्ले घेताना सप्लायरकडून टेस्ट रिपोर्ट मागा आणि अल्युमिनाच्या आकड्याबरोबर सोडा, पोटॅश, चुना, लोह यांचे आकडे पण बघा. सोडा आणि पोटॅश मिळून १ टक्क्याच्या आत असतील तर उत्तम, २ च्या पुढे असतील तर ती माती मागच्या विटांना वापरा, ज्योतीसमोर नको. लोह पण दीड-दोन टक्क्यांच्या वर नको, विटेवर काळे ठिपके दिसतात ते लोहाचेच. जुन्या विटा फोडून ग्रॉग (भाजलेल्या मालाचा चुरा) करणार असाल तर वरची चकाकलेली बाजू छिन्नीने उडवून टाका, नाहीतर जुनं सगळं विष नव्या विटेत येतं (मी ही आळसाने केलेली चूक दोनदा केलीय). बोअरचं खारट पाणी वापरू नका, नळाचं चालतं. आणि साधं बांधकामाचं सिमेंट तर चिमूटभर सुद्धा नाही. लोक घालतात, कारण लगेच धरतं. पण ४००-५०० डिग्रीला त्यातलं पाणी निघून मोकळा चुना राहतो, भट्टी बंद ठेवली की तो हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि वीट भुसभुशीत होते, आणि नाहीच झाली तरी वर ताव चढल्यावर तोच चुना काच करायला बसलेलाच आहे.

आता घालायचं काय. माझ्या मते छोट्या माणसाला दोनच गोष्टी खऱ्या उपयोगाच्या, कायनाइट आणि फॉस्फोरिक अ‍ॅसिड, तिसरी बारीक कॅल्साइन्ड, म्हणजे आधीच भाजलेली, अल्युमिना, पण ते केमिकल म्हणण्यापेक्षा मालच आहे. बाकी झिर्कॉन, क्रोम वगैरे खाली सांगतो.

कायनाइट हे अल्युमिना आणि सिलिकाचंच दगडी खनिज, आणि आपल्याकडे भंडारा जिल्ह्यात कायनाइट-सिलिमनाइटचे जुने साठे आहेत त्यामुळे नाव तरी ऐकलेलं असतं. त्याची गंमत अशी की १३००-१४०० च्या दरम्यान ते फुटून म्युलाइट होतं आणि तसं होताना १६-१८ टक्के फुगतं. माती भाजताना आक्रसते, कायनाइट फुगतं, दोघांचा हिशोब बसला की वीट जागची हलत नाही, सांधे उघडत नाहीत. वरून म्युलाइट वाढतं ते वेगळंच, त्याच्या सुईसारख्या दांड्या एकमेकांत अडकतात आणि काच पातळ झाली तरी सांगाडा उभा राहतो. १० ते १५ टक्के पुरे. दाणा जाड असेल तर जास्त फुगतो, बारीक असेल तर लवकर म्युलाइट होतो आणि कमी फुगतो, म्हणून मी मीठासारखा बारीक रवा घेतो, मैदा नाही. २५ टक्के घालून बघितलंय, वीट आतून भेगाळली. सिलिमनाइट मिळालं तर ते पण चालतं, ते कमी फुगतं आणि बदलायला जास्त ताव घेतं.

फॉस्फोरिक अ‍ॅसिड म्हणजे सोडियम सिलिकेटच्या जागी येणारा खरा बाइंडर. अ‍ॅसिड बारीक अल्युमिनाशी मिळून अल्युमिनियम फॉस्फेट करतं, ते ३०० च्या पुढे पक्कं धरतं आणि सोडा-पोटॅशसारखं वर जाऊन काच करत नाही. साधी फायरक्लेची वीट पूर्ण भाजल्याशिवाय जोर धरत नाही, मधल्या ५०० ते १००० च्या टप्प्यात कच्चीच असते, फॉस्फेटची वीट तो टप्पा आरामात काढते, म्हणून बर्नर ब्लॉकला आणि दाराच्या कडांना हीच लावा. हा प्रकार काही नवा नाही, किंगरी नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० मध्येच फॉस्फेट बाँडवर पायाभूत अभ्यास छापलाय.

माझी १० किलोची घाणी अशी. हाय-अल्युमिना ग्रॉग किंवा कॅल्साइन्ड बॉक्साइट साडेसहा किलो, त्यातला निम्म्याहून जास्त १ ते ४ मिलिमीटरचा जाड, बाकी त्याखालचा रवा. कायनाइट सव्वा किलो. कॅल्साइन्ड अल्युमिना मैद्यासारखी बारीक, दीड किलो. चिकट फायरक्ले पाऊण किलो, याहून जास्त नको, तिचं काम फक्त आकार धरून ठेवायचं. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक अ‍ॅसिड अर्धा किलो आणि पाणी साधारण २५० ते ३०० मिली. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही, प्लास्टिकच्या बादलीत, हातमोजे आणि चष्मा घालून. लोखंडी घमेलं अजिबात नको.

लोखंडाचं सांगतो कारण इथंच सगळे फसतात. ग्रॉग जॉ क्रशरमधून आलेला असतो, त्यात लोखंडाचा कीस असतो. अ‍ॅसिड त्या लोखंडाशी लागलं की हायड्रोजन सुटतो आणि वीट साच्यात पावासारखी फुगते. पहिल्यांदा मला वाटलं साचा हलला, दुसऱ्यांदा कळलं. उपाय दोन, आधी सगळ्या कोरड्या मालातून मोठं मॅग्नेट दोन-तीनदा फिरवा, आणि मग अ‍ॅसिड-पाण्यातला साठ टक्के भाग घालून मळा, ओलं गोणपाट टाकून वर प्लास्टिक झाका आणि रात्रभर, जमलं तर पूर्ण २४ तास तसंच ठेवा. जो काय गॅस निघायचाय तो निघून जातो. फटीतून बुडबुडे येतात, वास येतो, घाबरू नका, पण शेजारी बिडी-काडी नको आणि बंद खोलीत ठेवू नका. दुसऱ्या दिवशी उरलेलं अ‍ॅसिड घालून परत मळा. माल मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि हात ओला होऊ नये एवढंच पाणी. ओलं जास्त झालं की भेग आलीच म्हणून समजा.

साच्याला आतून तेल किंवा ग्रीसचा हात, मग माल दोन-तीन थरांत टाकून ठोका, प्रत्येक थर टाकायच्या आधी खालचा थर खरवडून घ्या नाहीतर वीट पापुद्र्यासारखी सुटते. हायड्रॉलिक प्रेस असेल तर तुमची चंगळ, नसेल तर हातठोक्याने पण काम होतं, वेळ लागतो एवढंच.

सुकवण्यात घाई नको. एक दिवस सावलीत, मग ११० डिग्रीला रात्रभर, मग तासाला ४०-५० डिग्रीने चढवत ३५० पर्यंत न्या आणि तिथं चार तास धरा. ३५० च्या खाली थांबलात तर फॉस्फेट अर्धवट राहतं, पावसाळ्यात वीट ओलावा ओढून परत चिकट होते, आमच्या इथला जुलै-ऑगस्ट तर माहितीच आहे. ३५० ला धरून झालं की वीट रचायला तयार. भट्टीत चढवल्यावर म्युलाइट आपोआप होत राहतं, पण सोय असेल तर १४०० ला पाच तास भाजून घेतलेली वीट जागेवर आक्रसत नाही, म्हणून कमानीच्या विटा तरी भाजूनच घ्या.

आता एक महत्त्वाचं. हा सगळा फॉस्फेटचा प्रकार अल्युमिना आणि फायरक्लेसाठी आहे. मॅग्नेसाइटच्या (मॅग्नेशियाच्या) मालात फॉस्फोरिक अ‍ॅसिड ओतलंत तर मळून व्हायच्या आत घट्ट होईल आणि गरम पण होईल. आणि सिलिकाच्या विटेचा तर हिशोबच उलटा. वर मी चुन्याला शिव्या घातल्या ना, तोच चुना सिलिकाच्या विटेत मुद्दाम २ टक्क्यांच्या आसपास घालतात. वेल्समध्ये विल्यम वेस्टन यंग नावाच्या माणसाने १८२२ मध्ये तिथल्या दगडात चुना घालूनच डायनास नावाची सिलिकाची वीट केली. चुन्यामुळे क्वार्ट्झ (सिलिकाचं नेहमीचं रूप) भाजताना ट्रिडिमाइट (तिचंच तावावरचं रूप) व्हायला मदत होते, आणि नुसत्या सिलिकात एवढा चुना गेला तरी ती फारशी खाली वितळत नाही. तिथं खरा शत्रू अल्युमिना, जी आपण इथं किलोनं घालतोय. त्यामुळे कोणी विचारलं की विटेत काय घालू, तर आधी कुठली वीट ते सांगा म्हणायचं.

तसंच बोरिकचं. कोल्हापुरातल्या इंडक्शन फर्नेसवाल्यांना बोरिक अ‍ॅसिड पाठ आहे, सिलिका रॅमिंग मासमध्ये (भट्टीला आतून ठोकून बसवायच्या कोरड्या मालात) बीडासाठी १ टक्क्याच्या आसपास घालतात म्हणजे आतला थर लवकर भाजून घट्ट होतो. बोरिक काच करतं म्हणूनच घालतात, आणि जास्त झालं की लायनिंग लवकर खातं, स्टील ओतणारे म्हणूनच कमी घालतात. पण तिथं थंड बाजूला मोकळा कोरडा माल मुद्दाम ठेवलेला असतो, भार तो सांभाळतो. ते बघून आपल्या विटेत बोरिक टाकायचा मोह होतो, भट्टीवाल्या पोरांना तर फारच होतो. टाकू नका. फायरक्लेच्या विटेत ते सोडियम सिलिकेटचंच भावंड.

अल्युमिनियम ओतणाऱ्यांना माझं म्हणणं असं की तुमचा प्रॉब्लेम तावाचा नाहीच. तुमचा धातू साडेसातशेला, आणि वीट बाराशे सोसते. तुमच्याकडे वितळलेलं अल्युमिनियम विटेतली सिलिका फोडून ऑक्सिजन ओढून घेतं, आत शिरतं आणि काळी दगडासारखी गाठ वाढवतं. तिथं जास्त अल्युमिना आणि मालात ५-७ टक्के बारीक बेरियम सल्फेट घाला, मग धातू विटेला ओला करत नाही, पाऱ्यासारखा सरकतो. पण विटेचा तो भाग १००० च्या वर जात असेल, बर्नरसमोर वगैरे, तर बेरियम सल्फेट विटेतच मुरून जातं आणि पैसे पाण्यात.

झिर्कॉन आणि क्रोम. झिर्कॉन या खनिजाचं पीठ, म्हणजे ३२५ मेशच्या बारीक चाळणीतून गेलेलं, मी विटेत घालत नाही, महाग पडतं, वरून फासतो. झिर्कॉन सात भाग, बारीक अल्युमिना एक भाग, आणि कोलॉइडल सिलिका (पाण्यात तरंगणारी अतिबारीक सिलिका) एवढी की ब्रशने रंगासारखं लागेल. वीट झाडून, ओल्या फडक्याने पुसून मग हात मारायचा, दोन पातळ हात, मिळून एक मिलिमीटरच्या आत. जाड लावलं की पहिल्याच गरम-गारात पोपडे. याने विटेचा वितळायचा ताव एक डिग्री पण वाढत नाही, पण राख, तेलातली घाण आणि स्लॅग (धातूवरची वितळलेली मळी) आत मुरायला वेळ लागतो, आणि आमच्यासारख्या भट्टीत वीट बऱ्याचदा मरते ती त्याच्यानेच. क्रोम ऑक्साइड स्लॅगला खरंच दाद देत नाही, पण सोडा-पोटॅशच्या सोबतीत भट्टीत त्याचं पिवळं सहा-व्हॅलन्सी क्रोम होतं, पाण्यात विरघळणारं आणि कॅन्सर करणारं. फोडलेल्या क्रोमच्या विटेवर पिवळे डाग दिसले तर झाडूने झाडायच्या भानगडीत पडू नका. छोट्या शेडात मी ते आणतच नाही. धुळीचं पण तेच, ग्रॉग फोडताना आणि चाळताना चांगला मास्क लावा, रुमाल बांधून सिलिकाची धूळ अडत नाही, फुफ्फुसात गेलेली परत येत नाही.

घाणी जमली की नाही ते बघायला लॅब लागतेच असं नाही. एक पट्टी घ्या, वीट भाजायच्या आधी तिच्यावर बरोबर २०० मिलिमीटरवर दोन खुणा करा, १४०० ला पाच तास भाजा, थंड झाल्यावर परत मोजा. २ मिलिमीटर म्हणजे एक टक्का. त्याच्या आत फरक असेल तर झकास. जास्त आक्रसली तर कायनाइट थोडं वाढवा किंवा माती कमी करा, फुगली तर कायनाइट कमी. दुसरं, तुकडा लाल करून फॅनच्या हवेत गार करायचा, परत लाल, परत गार, किती फेऱ्यांनी कोपरा सुटतो ते वहीत लिहायचं. वहीत लिहाच, कारण तीन घाण्यांनंतर कुठल्या विटेत काय होतं ते देवाला पण आठवत नाही. मी तर ओल्या विटेवर खिळ्याने नंबर कोरतो. नेमका ताव किती सोसते बघायचं तर त्याच मालाचा बोटाएवढा त्रिकोणी सुळका करून बाजारातल्या पायरोमेट्रिक कोनच्या (ठरलेल्या तावाला वाकणाऱ्या सुळक्याच्या) शेजारी उभा करायचा, कोण आधी वाकतो बघायचं. फक्त कोनच्या आकड्याला भुलू नका, तो अंगावर भार नसताना वाकतो, तुमची वीट डोक्यावर अख्खी भिंत घेऊन उभी असते, ती त्याच्या बऱ्याच आधी बसायला लागते.

विटा चांगल्या झाल्या आणि सांध्यात कुठलाही मसाला भरला तर सगळी मेहनत वाया. सांध्याला त्याच घाणीचा बारीक चाळलेला माल, जाड ग्रॉगशिवाय, अ‍ॅसिड-पाणी थोडं जास्त घालून पातळ करा, सांधा २ मिलिमीटरच्या वर नको, विटा एकमेकींवर घासून बसवा. बाजारचा मॉर्टर घेणार असाल तर त्यातलं अल्युमिना विटेएवढं तरी हवं, आणि डब्यावर एअर-सेटिंग (हवेतच घट्ट होणारा) लिहिलं असेल तर त्यात बहुधा सोडियम सिलिकेट असतं, ते मागच्या थराला चालेल, ज्योतीसमोर नाही.

नवी लायनिंग झाल्यावर पहिल्या दिवशी बर्नर पेटवायची सगळ्यांना घाई असते, पार्टी फोनवर फोन करत असते. तरी पहिले सहा तास लाकडाची मंद आग, मग बर्नर सगळ्यात कमीवर, तासाला ५० च्या वर चढवू नका, ६०० पार होईपर्यंत झाकण थोडं उघडं ठेवा म्हणजे वाफ निघून जाईल. भिंतीवर काच धरून बघा, धूसर होत असेल तर अजून पाणी आहे, थांबा. काच कोरडी राहिली की मग खुशाल ब्लोअर वाढवा.